चौकटींच्या जाळ्यातून संभाषण : फ्रेम रिलेवरील ध्वनिसंवादाची जुळणी

दूरध्वनीवरील संभाषण हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी बराच काळ केवळ सामग्री गोळा करण्याचे एक साधन मानले. बोलणारे एकमेकांस दिसत नाहीत, हावभावांचा प्रश्न उरत नाही, हाती येतो तो निव्वळ ध्वनी. म्हणून अशी ध्वनिमुद्रणे सोयीची, इतकाच विचार होत असे. परंतु ज्या मार्गाने हा ध्वनी येतो तो मार्ग त्यातील कोणता अंश ठेवितो व कोणता टाकून देतो, आणि दोन बोलणाऱ्यांमधील काळ तो कसा ताणतो, ह्या प्रश्नांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. प्रस्तुत लेखात फ्रेम रिले नावाच्या जाळ्यावरून संभाषण कसे जुळविले जात असे ह्याचे विवेचन करावयाचे आहे. हे जाळे मुळात विदेच्या, म्हणजे ज्यास आपण सर्रास डेटा म्हणतो तिच्या वाहतुकीसाठी उभारले गेले होते. आज त्याचा काळ जवळजवळ संपला आहे. तथापि बोलणे म्हणजे काय, शांतता म्हणजे काय, किती उशीर म्हणजे उशीर, ह्या प्रश्नांची उत्तरे येथे अभियंत्यांस बिट मोजून द्यावी लागली. आणि ती उत्तरे भाषाशास्त्रज्ञाने तपासून पाहावी अशा योग्यतेची आहेत.

प्रथम जुन्या दूरध्वनीची पद्धत थोडक्यात पाहू. दोन व्यक्तींमध्ये एक मंडल बांधले जाते आणि संभाषण संपेपर्यंत ते त्यांच्याच मालकीचे राहते. अंकीय दूरध्वनीत आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितात, आणि अशा रीतीने एका आवाजास सेकंदाला ६४,००० बिट लागतात. दोघेही गप्प बसले तरी हे बिट वाहतच असतात. उलट विदेची जाळी पोस्टाच्या थैलीसारखी असतात. मजकुराच्या चौकटी करावयाच्या, प्रत्येकीवर पत्ता घालावयाचा, आणि जागा असेल तशा त्या पुढे धाडावयाच्या. एक्स.२५ ह्या जुन्या पद्धतीत मार्गावरील प्रत्येक ठिकाणी चौकट तपासली जाई व बिघडली असल्यास पुन्हा मागविली जाई. तारा सुधारल्या, चुका कमी झाल्या, तेव्हा इतकी काळजी अनावश्यक ठरली; आणि तपासून बिघडलेली चौकट सरळ टाकून देणारी, तिची चौकशी दोन्ही टोकांच्या यंत्रांवर सोपविणारी फ्रेम रिले ही पद्धत पुढे आली. तिच्या पायाभूत शिफारशी १९८८ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेत आकारास आल्या, १९९१ साली फ्रेम रिले फोरम ही उत्पादक व सेवासंस्थांची मंडळी स्थापन झाली, आणि त्या दशकात अमेरिका व युरोपातील बहुशाखीय कंपन्यांनी हिचा मोठ्या प्रमाणावर अंगीकार केला.

चौकटीवरचा पत्ता मोठा मौजेचा आहे. तो दोन बाइटांचा, म्हणजे सोळा बिटांचा असतो. त्यांपैकी दहा बिटांत एक क्रमांक लिहितात, त्यास डी.एल.सी.आय. म्हणतात. हा क्रमांक गंतव्यस्थानाचे नाव नव्हे. तो केवळ ह्या टोकाच्या तारेपुरता अर्थ असलेला आकडा आहे. पुण्याच्या टोकाला १०० हा आकडा नागपूरची वाट दाखवीत असेल, तर नागपूरच्या टोकाला तीच वाट २०० ह्या आकड्याने ओळखली जाऊ शकते. 'इकडे', 'तिकडे' हे शब्द जसे बोलणाऱ्याच्या स्थानावरून अर्थ घेतात, तसाच हा प्रकार आहे. दर्शक सर्वनामांचा अभ्यास केलेल्यास तो सांगावा लागू नये. उरलेल्या बिटांपैकी दोन बिट पुढील व मागील दिशेस गर्दीची सूचना देतात, आणि एक बिट असे सांगतो की, टाकून द्यावयाची वेळ आली तर ही चौकट आधी टाका. ग्राहकाने सेवासंस्थेशी ठरविलेल्या वेगापेक्षा, म्हणजे सी.आय.आर. ह्या हमीच्या दरापेक्षा, अधिक चौकटी पाठविल्या की जादा चौकटींवर ही खूण चढते. विदेच्या बाबतीत हा सौदा फायद्याचा असतो. संभाषणाच्या बाबतीत मात्र तो घातक ठरतो. म्हणूनच ज्या मार्गावरून आवाज जाणार तेथे हमीच्या दराबाहेर जाऊ नये, चौकटी त्या दराच्या मापातच सोडाव्या, हा ह्या जुळणीचा पहिला नियम होय.

येथे वाचकांच्या मनात शंका उद्भवेल की, दूरध्वनी असताना हा खटाटोप कशासाठी? उत्तर सरळ आहे. शाखांना जोडणारी तार विदेसाठी भाड्याने घेतलेलीच होती. तिच्यावर जागा शिल्लक राही. आणि शाखाशाखांमधील लांब पल्ल्याच्या दूरध्वनीचे देयक मात्र निराळे भरावे लागे. तेव्हा बोलणेही त्याच चौकटींत घालावे असा विचार सुचणे स्वाभाविक होते. आरंभी प्रत्येक उत्पादकाने आपापली रीत काढली. एकाचे यंत्र दुसऱ्याशी बोलेना. १९९७ च्या मे महिन्यात फ्रेम रिले फोरमने एफ.आर.एफ.११ हा करार प्रसिद्ध केला आणि चौकटीच्या आत आवाज कसा मांडावा ह्याचे एक व्याकरण निश्चित झाले.

व्याकरण हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. एफ.आर.एफ.११ मध्ये एका डी.एल.सी.आय.च्या पोटात अनेक उपवाहिन्या मानल्या आहेत; त्यांचे क्रमांक २५५ पर्यंत जाऊ शकतात. प्रत्येक उपवाहिनीवर एक संभाषण, एक फॅक्स किंवा विदेचा एक प्रवाह जाऊ शकतो, आणि एकाच चौकटीत निरनिराळ्या उपवाहिन्यांचे तुकडे शेजारी शेजारी बसू शकतात. कराराच्या परिशिष्टांत कोणत्या तुकड्याचे रूप काय असावे ते सांगितले आहे: संकुचित आवाजाचे रूप निराळे, दाबलेल्या अंकांचे निराळे, दूरध्वनी उचलला की ठेविला हे सांगणाऱ्या चिन्हांचे निराळे. बोलणे आणि बोलण्याविषयीचे बोलणे ह्यांत केलेला हा भेद आहे. तो का करावा लागला हे पाहण्यासाठी एखादा 'कॉल' कसा जुळतो ते पायरीपायरीने पाहिले पाहिजे.

संभाषणविश्लेषणाचे अभ्यासक इमॅन्युएल शेग्लॉफ यांचा १९६८ सालचा, संभाषणाच्या आरंभाविषयीचा निबंध पुष्कळांनी वाचला असेल. घंटा वाजणे ही हाक होय, आणि 'हॅलो' हे त्या हाकेस दिलेले उत्तर होय, असे त्यांनी तेथे दाखविले. यंत्रांच्या जगात ही हाक कितीतरी आधी सुरू होते. शाखेतील एक गृहस्थ दूरध्वनी उचलतो. तारेतून प्रवाह वाहू लागतो, यंत्रास कळते की कोणास तरी बोलावयाचे आहे, आणि ते त्यास 'डायल टोन' ऐकवते. 'सांगा, काय हवे?' हाच त्या सुराचा अर्थ. गृहस्थ अंक दाबतो. प्रत्येक अंकाबरोबर दोन सूर एकदम निघतात. ५ ह्या अंकासाठी ते ७७० व १,३३६ हर्ट्‌झचे असतात. आता अडचण अशी की, पुढे आवाजाचे संकोचन ज्या रीतीने करावयाचे ती मानवी कंठासाठी बेतलेली असते, आणि एकाच वेळी दोन निर्मळ सूर काढणारा कंठ कोणास नाही. संकोचनातून गेलेला अंक पलीकडे विरूपित होऊन पोहोचतो व बँकेचे किंवा कचेरीचे स्वयंचलित उत्तरयंत्र तो ओळखत नाही. म्हणून अंक ऐकून घ्यावयाचा, त्याचे नाव वेगळ्या तुकड्यात लिहून पाठवावयाचे, आणि पलीकडे तो सूर नव्याने निर्माण करावयाचा, अशी व्यवस्था पहिल्या परिशिष्टात केली आहे. एखादा तुकडा हरवला तरी अंक हरवू नये म्हणून ताज्या स्थितीबरोबर लगतची मागची स्थितीही त्यात पुन्हा सांगितली जाते. पुनरुक्ती हा दोष नसून भाषेचे संरक्षण आहे, हे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. अभियंत्यांनी ते आपल्या वाटेने ओळखले.

अंक हाती आल्यावर त्यांचा अर्थ लावावयाचा असतो. सिस्कोच्या यंत्रांत ह्यासाठी 'डायल-पीअर' नावाच्या नोंदी कराव्या लागत. प्रत्येक नोंदीत अंकांचा एक आकृतिबंध आणि त्यापुढे जावयाची दिशा असे. ह्या नोंदी दोन प्रकारच्या असत: यंत्रास थेट जोडलेल्या दूरध्वनीकडे नेणाऱ्या, आणि अमुक डी.एल.सी.आय.वरून पलीकडच्या यंत्राकडे नेणाऱ्या. समजा, '२' ने सुरू होणारा कोणताही चार अंकी क्रमांक मुख्य कचेरीकडे जावा असा नियम केला, आणि '२७' ने सुरू होणारे क्रमांक मात्र गुदामाकडे जावे असा दुसरा केला. २७१५ हा क्रमांक दोन्ही नियमांत बसतो. मग कोणता लागू? ज्याचे अधिक अंक नेमके जुळतात तो. पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्या वाचकास ह्यात नवल वाटणार नाही. उत्सर्ग आणि अपवाद ह्यांचाच हा संबंध आहे, विशेष नियम सामान्य नियमास बाधतो. ज्यांनी ही यंत्रे जुळविली त्यांची पुष्कळशी डोकेदुखी जाळ्यात नव्हे तर ह्या नियमांच्या परस्परबाधेत असे. एक नियम '२७' वर संपतो आणि दुसरा '२७१५' मागतो असे झाले, तर लहान नियम पूर्ण होताच यंत्र कॉल पुढे रेटते आणि राहिलेले '१५' हे अंक हवेत विरून जातात. अथवा लांबी खुली ठेवलेल्या आकृतिबंधात पुढचा अंक येतो की नाही म्हणून यंत्र काही सेकंद वाट पाहत राहते. वाक्य संपले की नाही हे ऐकणाऱ्यास कसे कळते, हा प्रश्न येथे अगदी उघड्या रूपात उभा राहतो.

दिशा ठरल्यावर दोन मार्ग संभवतात. पहिला कायमच्या जोडणीचा. दोन टोकांमध्ये एक उपवाहिनी जणू खिळ्यांनी ठोकून ठेवावयाची. कॉल जुळविण्याचा वेगळा निरोप नाही. उचलले, ठेविले, घंटा वाजली ह्यांची चिन्हे चार बिटांत घालून वाहत ठेवावयाची. चिन्हे बदलत असताना ती वरचेवर जातात, स्थिर असताना विरळ. दुसरा मार्ग दर कॉलमागे नव्याने जोडणी करण्याचा. ह्यात पलीकडच्या यंत्रास 'अमुक क्रमांकासाठी कॉल आहे' असा निरोप जातो, मोकळी उपवाहिनी नेमली जाते, कोडेक कोणता वापरावा ह्यावर एकमत होते, तिकडे घंटा वाजते, आणि कॉल संपताच उपवाहिनी मोकळी होते. हा मार्ग अधिक काटकसरीचा; परंतु ह्या निरोपाची भाषा एफ.आर.एफ.११ ने ठरवून दिली नव्हती. सिस्कोने आपली स्वतःची ठरविली. परिणामी दोन भिन्न उत्पादकांची यंत्रे एकत्र आणावयाची असली तर कायमच्या जोडणीवाचून गत्यंतर नसे. करारात उच्चारांचे नियम झाले, पण संभाषणाची सुरुवात कशी करावी ह्याचा शिष्टाचार राहून गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे वळू. सेकंदाला ६४,००० बिट ही चैन ज्या तारेचा सगळा वेगच तितका आहे तिला परवडत नाही. म्हणून जी.७२९ ही संकोचनपद्धती ह्या कामी बहुधा वापरली जाई. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या पद्धतीत आवाजास सेकंदाला ८,००० बिट पुरतात. हे कसे साधते? आवाजाची लहर जशीच्या तशी न पाठविता ती निर्माण करणाऱ्या मुखयंत्राचे वर्णन पाठविले जाते. कंठातील स्पंदन हा उगम आणि मुखविवर ही चाळणी, हा गुन्नार फांट यांनी १९६० च्या ग्रंथात मांडलेला सिद्धान्त आपल्या ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासक्रमात असतोच. त्याच सिद्धान्ताचे हे व्यवहारातील रूप आहे. मागील काही नमुन्यांवरून पुढील नमुन्याचे अनुमान करण्याची रीत जपानात इताकुरा व साइतो यांनी आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बिष्णु अटल यांनी विकसित केली. हे अटल मूळचे भारतीय. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ध्वनिशास्त्र शिकवून ते १९६१ साली तिकडे गेले. त्यांनी श्रोडर यांच्यासह १९८५ साली मांडलेली, उगमाच्या लहरी एका कोशातून निवडण्याची कल्पना जी.७२९ च्या मुळाशी आहे.

दर दहा मिलिसेकंदांस जी.७२९ बरोबर ८० बिट लिहिते, आणि त्यांची वाटणी ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाने एकदा तरी डोळ्यांखालून घालावी. १८ बिट मुखविवराच्या आकाराचे. १४ बिट स्वरतंतूंच्या स्पंदनकालाचे, त्यांतही पहिल्या अर्ध्या भागास ८, दुसऱ्यास ५ आणि एक बिट चूक ओळखण्यासाठी. ३४ बिट उगमाच्या त्या अवशेषाचे जो ह्या दोहोंत बसत नाही. १४ बिट तीव्रतेचे. आपण ज्यास स्वर, सूर, घर्षण, बल म्हणतो त्या सर्वांचा हिशेब येथे संपतो. सर्वांत मोठा वाटा अवशेषाकडे जातो ही गोष्ट मला विशेष बोलकी वाटते: मुखविवराचा आकार अठरा बिटांत सांगता येतो, पण आवाजातील जे नियमात बसत नाही त्यास जवळजवळ दुप्पट जागा लागते.

मराठीच्या दृष्टीने पाहता काही प्रश्न उभे राहतात. पहिली गोष्ट संकोचनाची नसून दूरध्वनीचीच आहे. दूरध्वनी साधारणतः ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा वाहतो. 'स'च्या घर्षणाचे बळ बव्हंशी ४,००० हर्ट्‌झच्या वर असते; 'श'चे त्याखाली उतरते. त्यामुळे 'साल' आणि 'शाल' ह्यांतील भेद तारेवर क्षीण होतो. दंत्य व तालव्य 'च', 'ज' ह्यांचे तसेच. वार्धक्य ह्या अर्थाचा 'जरा' आणि थोडे ह्या अर्थाचा 'जरा' लिपीत एक असून उच्चारात दोन आहेत, आणि तारेवर ते पुन्हा एकमेकांजवळ सरकतात. संदर्भाने अर्थ सावरला जातो हे खरे. परंतु आडनावे, गावांची नावे, औषधांची नावे ह्यांना संदर्भ नसतो.

दुसरी गोष्ट हरवलेल्या चौकटींची. फ्रेम रिले हरवलेली चौकट पुन्हा मागवीत नाही, आणि संभाषणात मागवूनही उपयोग नसतो. उशिरा आलेले अक्षर न आलेल्यासारखेच. पलीकडचे यंत्र अशा वेळी मागील वर्णनच थोडे क्षीण करून पुन्हा वाजविते. स्वराच्या मध्यावर हे घडले तर कानास कळतही नाही, कारण स्वर त्या अवधीत फारसा बदलत नाही. पण चौकटीत बहुधा दोन वा तीन तुकडे, म्हणजे २० ते ३० मिलिसेकंदांचे बोलणे असते, आणि स्पर्शव्यंजनाचा स्फोट तेवढ्यात सबंध मावतो. लिस्कर व अब्रामसन यांनी १९६४ साली अकरा भाषांतील आदिस्थानीय स्पर्शांचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यात हिंदीबरोबर मराठीही होती, आणि सघोष-अघोष व अल्पप्राण-महाप्राण अशा चारही प्रकारांच्या भाषा म्हणून ह्या दोघींकडे त्यांनी लक्ष वेधले. स्फोटापासून स्वरारंभापर्यंतचा काळ हा ज्या भाषेत अर्थभेदाचा आधार आहे, 'कात' आणि 'खात', 'पाट' आणि 'पाठ' ज्या भाषेत निराळे आहेत, तिला नेमक्या त्याच ठिकाणची चौकट गमावणे महाग पडते. स्वर वाचतो आणि प्राण जातो. एका चौकटीत जितके अधिक तुकडे भरावे तितकी पत्त्याची उधळपट्टी कमी होते. पण चौकट हरवल्यास होणारे नुकसान तितकेच वाढते. हा हिशेब भाषेगणिक निराळा येईल असे मानण्यास जागा आहे.

आता विलंबाचा विचार. येथेच फ्रेम रिलेवरील जुळणीची खरी कसोटी असे. समजा, तारेचा वेग सेकंदास ६४,००० बिट आहे आणि त्याच तारेवरून १,५०० बाइटांची विदेची एक चौकट निघाली. तिचे १२,००० बिट बाहेर पडण्यास १८७.५ मिलिसेकंद लागतात. ती निघण्यास आणि आवाजाची चिमुकली चौकट दाराशी येण्यास एकच गाठ पडली, तर त्या चौकटीस इतका वेळ तिष्ठत उभे राहावे लागते. मालगाडी फाटकातून जात असताना सायकलस्वार उभा राहतो तसे. अग्रक्रम देऊन भागत नाही, कारण अर्धी गेलेली गाडी मागे घेता येत नाही. म्हणून गाडीचेच तुकडे करावयाचे. ८० बाइटांचे तुकडे केले तर ह्याच तारेवर प्रत्येकास १० मिलिसेकंद लागतात आणि मध्ये मध्ये आवाजास वाट मिळते. एफ.आर.एफ.११ च्या तिसऱ्या परिशिष्टात आणि १९९७ च्या डिसेंबरातील एफ.आर.एफ.१२ ह्या करारात ह्या खंडीकरणाचे नियम आहेत. जुळणी करणारे दोन ठिकाणी हमखास फसत. तुकड्याचे माप दोन टोकांपैकी संथ तारेवरून ठरवावयाचे असते. मुख्य कचेरीची तार वेगवान म्हणून तेथे तुकडे न केल्यास शाखेच्या दाराशी तीच कोंडी होते. आणि त्याच तारेवरून केवळ विदा वाहणारी दुसरी मंडले जात असतील तर त्यांचेही तुकडे करावे लागतात. एकाने शिस्त पाळून भागत नाही.

सगळा विलंब एका उदाहरणाने मोजू. तीन तुकडे भरण्यास ३० मिलिसेकंद, जी.७२९ पुढचे ५ मिलिसेकंद डोकावून पाहते, ते धरून ३५. संकोचनाच्या आकडेमोडीस १० धरू. विदेच्या एका तुकड्यामागे थांबणे १०. स्वतःची चौकट बाहेर पडण्यास सुमारे ५. जाळ्यातील प्रवास ४० मानू. चौकटी कमीअधिक अंतराने येतात. ती अनियमितता पोटात घालण्यासाठी पलीकडे त्या काही काळ थोपवून धराव्या लागतात, त्याचे ४०. बेरीज १४० मिलिसेकंद. जी.११४ ह्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत बहुतेक कामांस चालेल, ४०० च्या पुढे चालणार नाही, असे धरले आहे. आपण मर्यादेत बसलो, पण दहाच मिलिसेकंदांनी. खंडीकरण केले नसते तर कधी १० आणि कधी १८७.५ असा विलंब झाला असता आणि थोपवून धरण्याचा काळही त्याच मानाने वाढवावा लागला असता.

परंतु १५० हा आकडा संभाषणाच्या दृष्टीने काय सांगतो? सॅक्स, शेग्लॉफ व जेफर्सन यांनी १९७४ साली पाळीपाळीने बोलण्याची व्यवस्था मांडली. त्यानंतर २००९ साली स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांत, होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नांस उत्तर येण्यास किती वेळ लागतो ते मोजले. सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंद निघाले, आणि भाषाभाषांतील फरक त्याच्या आसपासच घोटाळत राहिला. त्या दहांत एकही भारतीय भाषा नव्हती. आता १४० मिलिसेकंदांच्या तारेवर हा प्रश्न विचारा. प्रश्न पोहोचण्यास १४०, उत्तर परतण्यास १४०. ऐकणाऱ्याने नेहमीप्रमाणे २०० मिलिसेकंदांत 'हो' म्हटले तरी विचारणाऱ्याच्या कानी ते ४८० नंतर पडते. भूस्थिर उपग्रहावरून गेलेल्या कॉलमध्ये एकाच दिशेस २४० मिलिसेकंदांच्या आसपास केवळ अंतराळप्रवासात जातात, आणि तेच उत्तर जवळजवळ ७०० वर पोहोचते. गेल जेफर्सन यांनी १९८९ साली असे सुचविले की, संभाषणात सुमारे एका सेकंदाची शांतता ही सहन करण्याची कमाल मर्यादा असते. तिच्या आत आपण काही अर्थ न लावता थांबतो, तिच्यापाशी पोहोचताच काहीतरी बोलून ती मोडतो. नकार, आडकाठी, संकोच ह्यांच्या आधी थोडी शांतता येते हे आपण सर्व अनुभवाने जाणतो. 'उद्या पैसे पाठविता ना?' असे विचारल्यावर अर्धा-पाऊण सेकंद काही ऐकू आले नाही, तर मन कशाकडे झुकते हे सांगावयास नको. पलीकडच्या गृहस्थाने तत्काळ होकार दिलेला असतो. संकोच तारेचा असतो, पण तो त्याच्या स्वभावावर लिहिला जातो. शिवाय शांतता मोडण्यासाठी इकडून पुन्हा विचारले जाते, नेमके त्याच वेळी तिकडचे उत्तर येते, दोघेही थबकतात, दोघेही 'बोला, बोला' म्हणतात. ह्या उपचारात मराठी माणूस अधिक अडकतो असे माझे निरीक्षण आहे, मोजमाप नव्हे. 'तुम्ही बोला' हे म्हणणे आपल्याकडे आदराचा भाग आहे आणि ज्येष्ठाशी बोलताना ते टाळता येत नाही.

राहिली शांतता. संभाषणात प्रत्येक जण अर्ध्याहून कमी वेळ बोलतो, तेव्हा गप्प असतानाच्या चौकटी कशाला पाठवाव्या, हा हिशेब उघड होता. जी.७२९ च्या 'बी' परिशिष्टात ह्यासाठी आवाज आहे की नाही हे ओळखणारी युक्ती दिली आहे. तीव्रता, मुखविवराचा आकार व शून्यरेषा ओलांडण्याचे प्रमाण ह्यांवरून ती निर्णय करते. तिच्या दोन खोडी आहेत. ती कधी कधी जागी होण्यास क्षणभर उशीर करते आणि शब्दाचे पहिले क्षीण व्यंजन कापले जाते. 'ह', 'स', 'फ' हे बळी ठरतात. दुसरी खोड अधिक सूक्ष्म. मराठी श्रोता ऐकत असताना 'हं', 'बरं', 'हो का', 'अच्छा' असे हलके उद्गार सारखे टाकीत असतो. ते मोठ्याने नसतात, पूर्ण उच्चारलेले नसतात, पुष्कळदा ओठ मिटूनच काढलेले असतात. गोंगाटाच्या खोलीत ही युक्ती त्यांस सहज गोंगाटातच गणते. बोलणाऱ्यास मग हुंकार ऐकू येत नाही. गोष्ट सांगणाऱ्यास हुंकार न मिळाल्यास तो थांबतो, हे आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आणि दूरध्वनीवर तो थांबून म्हणतो, 'ऐकताय ना?' माझ्या मते शाखाकचेरीसारख्या ठिकाणी जागा अगदीच तुटपुंजी नसेल तर ही युक्ती बंद ठेवणे श्रेयस्कर होते. वाचलेल्या बिटांहून गेलेले हुंकार महाग होते.

अभियंत्यांसही शांतता रिकामी नसते हे कळून चुकले होते. चौकटी थांबल्या की पलीकडे संपूर्ण निःशब्दता पसरे आणि लोक तार तुटली असे समजून दूरध्वनी ठेवून देत. म्हणून खोलीतील सामान्य गुणगुणीचे वर्णन करणारा लहानसा तुकडा अधूनमधून पाठवून पलीकडे कृत्रिम कुजबूज निर्माण करण्याची सोय करण्यात आली. मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली ज्यास केवळ संबंध राखण्यासाठीचे बोलणे म्हटले, आणि रोमन याकोबसन यांनी १९६० साली वाहिनी चालू आहे की नाही हे पाहण्याचे भाषेचे कार्य म्हणून ज्याची गणना केली, त्याचे इतके निर्भेळ उदाहरण दुसरे सापडणे कठीण: ज्यात शब्द नाही, ध्वनिमान नाही, बोलणाराही नाही, आणि तरीही जे 'मी येथे आहे' एवढे सांगते.

प्रतिध्वनीचा विषय येथे नुसता नोंदवून ठेवतो. दोन तारांचे चार तारांत रूपांतर होते त्या सांध्यावरून बोलणाऱ्याचा आवाज परत फिरतो. विलंब अल्प असताना तो जाणवत नाही, विलंब वाढला की स्वतःचेच बोलणे मागून ऐकू येते व जीभ अडखळते. त्यासाठी प्रतिध्वनिनाशक लागतो. जाळे बदलले तरी तो लागतोच.

फ्रेम रिलेवरील आवाजाची जागा पुढे इंटरनेटच्या चौकटींनी घेतली. तेथे २० बाइटांच्या आवाजामागे ४० बाइटांचे पत्ते लागतात. फ्रेम रिलेवर ३० बाइटांमागे आठेक बाइटांत काम भागत असे आणि एक संभाषण सेकंदास दहा हजार बिटांच्या आसपास बसे. काटकसरीत जुनी पद्धत सरस होती. हरली ती सर्वत्र नसल्यामुळे. भारतात इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास सेवासंस्थांना १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. फ्रेम रिले फोरम २००३ साली दुसऱ्या एका मंडळीत विलीन झाले. जी.७२९, खंडीकरण, शांतता ओळखणारी युक्ती आणि १५० मिलिसेकंदांची मर्यादा ही मात्र नव्या जाळ्यांत तशीच उतरली. ही मर्यादा व ही युक्ती मराठी संभाषणावर, विशेषतः हुंकार व महाप्राण ह्यांवर, तपासून पाहण्यास दोन ध्वनिमुद्रक, विलंब वाढविता येईल असे एक यंत्र आणि वीसेक बोलणाऱ्या जोड्या एवढी सामग्री पुरते.